फिलेटची त्रिज्या, फुकटची लायब्ररी आणि तो एक ‘रेडियस’: लिबआयजीएल काही महिने वापरून

आमच्या विकतच्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरचं नूतनीकरण आलं आणि विक्रेत्याने सांगितलं, कर्व्हेचरचा, म्हणजे पृष्ठभाग कुठे किती वळलाय ते दाखवणारा, रंगनकाशा आता वेगळ्या मॉड्यूलमध्ये गेलाय, त्याचे पैसे वेगळे. आधी तो मूळ पॅकेजातच होता. फोनवर बरीच हुज्जत घातली, उत्तर तेच. भोसरीतल्या साचे दुरुस्त करणाऱ्या छोट्या शॉपने फिलेटची, म्हणजे गोलाई दिलेल्या कडेची, त्रिज्या बघायला एवढे मोजायचे? नाहीच मोजले. तेव्हापासून पायथनमधून लिबआयजीएल, त्रिकोणांच्या जाळीवर (मेशवर) भूमितीची गणितं करणारी फुकटची लायब्ररी.

पहिले काही आठवडे मी गाऊस वक्रतेच्या (दोन मुख्य दिशांतल्या वक्रतांच्या गुणाकाराच्या) प्रेमात होतो. व्हर्टेक्सभोवतीचे (जाळीतल्या बिंदूभोवतीचे) कोन 360 मधून वजा करा, वाट्याला येणाऱ्या क्षेत्रफळाने भागा, झालं. घनाच्या 8 कोपऱ्यांवर प्रत्येकी 90 अंशांची तूट, एकूण 720. आमच्या चार आरपार भोकांच्या इन्सर्टवर (साच्यात बसवायच्या तुकड्यावर) बेरीज उणे 2160 आली, गाऊस-बॉनेच्या सूत्राप्रमाणे (बंद मेशची एकूण तूट फक्त आरपार भोकांच्या संख्येवर ठरते) तंतोतंत. पाच तारे देऊन टाकले असते.

मग मत फिरलं. ती बेरीज मेश बंद असेल तर बरोबर येणारच, पृष्ठभाग कितीही खडबडीत असला तरी. तिच्यावरून एकेका व्हर्टेक्सचा आकडा भरवशाचा ठरत नाही. आणि मुळात सरळ कडेचा फिलेट म्हणजे दंडगोलाचा तुकडा, त्याची गाऊस वक्रता शून्य! आपल्याला हवी असते ती दोहोंतली मोठी मुख्य वक्रता, म्हणजे 1 भागिले त्रिज्या: 3 मिमीच्या फिलेटवर 0.33 प्रति मिमी.

ती मिळते ‘प्रिन्सिपल कर्व्हेचर’ या फंक्शनमधून. पानोझो, पुप्पो आणि रोक्का यांची 2010 ची पद्धत आहे: प्रत्येक व्हर्टेक्सच्या शेजाऱ्यांवर द्विघाती पृष्ठभाग बसवायचा आणि त्याची वक्रता घ्यायची. शेजार किती मोठा घ्यायचा, यावर सगळा खेळ. वक्रता म्हणजे दुसरा अवकलज, त्यामुळे स्कॅनमधला आवाज (नॉइज, मोजमापातली थरथर) साधारण त्रिकोणाच्या कडेच्या लांबीच्या वर्गाने भागला जाऊन तिच्यात उतरतो. आवाज 0.02 मिमी आणि कड 0.2 मिमी असेल तर अगदी लगतच्या शेजारावरून काढलेल्या वक्रतेत 0.5 च्या घरातली चूक, म्हणजे मोजायच्या आकड्याहून मोठी. महागडा स्कॅनर घेऊन त्रिकोण बारीक करत जा, नकाशा आणखी ठिपकेदार होत जातो. शेजार 1 मिमीपर्यंत वाढवला की तीच चूक 0.02 च्या आसपास येते.

आणि इथेच माझं डोकं फिरतं. हा शेजार मिलिमीटरमध्ये सांगताच येत नाही! तो ठरवणारा ‘रेडियस’ पूर्णांकच हवा. न सांगता 5, आणि 2 पेक्षा कमी दिलात तर इशारा छापून स्वतःच 2 करतो. वर मूळ सेटिंगमध्ये तो लांबी मोजतच नाही, त्रिकोणांची वलयं मोजतो. आमचा स्कॅन सपाट भागात विरळ आणि कडेला दाट केलेला. म्हणजे पाच वलयं फिलेटवर जेमतेम मिलिमीटरभर, बाजूच्या सपाटीवर कितीतरी जास्त. सीमेवर नकाशा खोटं बोलतो, आणि फिलेट नेमका सीमेवरच असतो. वलयं बंद करून अंतर चालू केलं की एकक होतं सरासरी कड. मला हवेत 1.2 मिमी, सरासरी कड 0.35, म्हणजे 3.4. आता 3 देऊ की 4? अख्ख्या मेशच्या सरासरीला बांधलेला पूर्णांक कोणाला हवा होता, देव जाणे. शेवटी मी आधी मेश एकसारख्या कडांचा करून घेतो, 0.3 मिमीला, आणि 4 देतो. पाव वर्तुळाचा 3 मिमी फिलेट कमानीवर 4.7 मिमी भरतो, त्यात 1.2 चा शेजार मधोमध आरामात मावतो. 1 मिमीच्या फिलेटला मात्र हा मोठा पडतो, त्रिज्या फुगवून दाखवतो. तिथे अजूनही रेडियस गेज, म्हणजे त्रिज्या ताडून बघायच्या पट्ट्या.

बाकी किरकोळ. उघड्या कडांजवळचे आकडे वाचू नका. रंगपट्टी आपोआप ठेवली तर एक बिघडलेला व्हर्टेक्स सगळा नकाशा एकाच रंगाचा करतो, उणे 0.5 ते 0.5 वर हाताने बांधा. नवा स्कॅनर आला की आधी 20 मिमी व्यासाची डॉवेल पिन (अचूक मापाची दंडगोल खुंटी) स्कॅन करून बघा: एक वक्रता 0.1, दुसरी शून्याजवळ यायला हवी.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा फुकट असल्याचा, दीड कापला तो त्या पूर्णांकापायी. विक्रेत्याचा परवा पुन्हा फोन आला, मॉड्यूलवर सवलत आहे म्हणे. शेजार मिलिमीटरमध्ये देता येतो का, एवढंच विचारलं. कळवतो म्हणालाय.