लातूरचा स्पोकन इंग्लिश क्लास: ‘रन’ म्हंजे नुसतं पळणं नाही

मी ग्रिल, शेड, रेलिंगची कामं घेतो, वय 41, शिक्षण झेडपीच्या शाळेत. पुण्याच्या एका इंजिनिअरचे इंग्लिशमधी मेल यायलेत म्हणून लातूरला संध्याकाळचा क्लास लावला, 45 दिवस, फी 3500. नाव टाकत नाही, सर रोज रस्त्यात भेटतात.

वाईट ते आधी सांगतो. सातची बॅच कधीच सातला सुरू होत नाही, सव्वासात धरून चला. एका खोलीत आम्ही चाळीसजण, मग बोलायला मिळतं किती तर आठवड्यातून दोन मिनिटं, बाकी सर बोलतेत आन् आम्ही मान हलवतो. बोर्डावर ‘फाडफाड इंग्लिश’ लिहिलंय, फाडफाड काही होत नाही. झेरॉक्स नोट्सचे 200 वेगळे घेतले आन् त्यात ‘रन’ समोर एकच शब्द, धावणे.

पण त्याच ‘रन’वर सरांनी तीन दिवस घेतले बगा, अन् तेवढ्यात माझे पैसे वसूल झाले.

पहिल्या दिवशी विचारलं, रन म्हंजे काय? भरतीची पोरं म्हणली 1600 मीटर. मागून एकजण म्हणला कोहलीचे. मी म्हणलो रनिंग फूट, कारण रेलिंगचा भाव आम्ही त्याच्यावरच सांगतो, नुसती सलग लांबी धरायची, उंचीचा हिशोब नाही. सर म्हणले तिघंबी बरोबर, आन् अजून सहाशेच्या वर राहिले. मला वाटलं मजाक करायलेत. खरंय ते, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ निघालेत, पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकाचे त्या एका शब्दात नऊ महिन्यांच्या वर गेले. आधी पहिला नंबर ‘सेट’ या शब्दाचा होता, 1989 च्या आवृत्तीत त्याचे 430 होते.

मग सरांनी जी गुरुकिल्ली दिली ती नोट्समधी कुठंच नाही. म्हणले, रन दिसला की आधी ‘पळतो’ नाही, ‘चालतो’ लावून बघा. मोटर चालते, दुकान चालतं, पिक्चर चालतो, बस चालते, रनिंग बिल म्हंजे काम चालू असतानाच काढलेलं बिल. मी वीस वर्षं रनिंग बिलं काढायलोय, डोक्यात हे कधी आलंच नाही! इंग्लिशमधी जे पळतं ते आपल्या मराठीत निवांत चालतं. जिथं चालत नाही तिथं वाहतं, नदी, नळ, नाक. कपड्याचा रंग मात्र जातो, तो न चालतो न वाहतो. निवडणुकीला तर अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो आन् इंग्लंडात ‘स्टँड’, म्हंजे आपल्यासारखाच उभा राहतो (पळायचं ते निकालानंतर). बँकेवर रन म्हंजे पैसे काढायला झुंबड, हे मराठवाड्यात पतसंस्थेत ठेव ठेवलेल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

सगळ्यात भारी उदाहरण 2016 च्या दुष्काळातलं, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तवाचं. द टॅप्स रॅन ड्राय, सो अ ट्रेन रॅन फ्रॉम मिरज टु लातूर. एका वाक्यात रन दोनदा, एकदा नळ कोरडे पडले, एकदा रेल्वे धावली. त्या एप्रिलात पाण्याची पहिली रेल्वे आली तिला 10 टाक्या होत्या, एकेकीत साधारण 50 हजार लिटर. वर्गात सगळ्यांनी ते दिवस बघितलेले, घागरी घेऊन लायनीत थांबलेले, त्यामुळं ते वाक्य कोणी विसरणार नाही. असं शिकवणारा माणूस चाळीसच्या बॅचमधी वाया चाललाय, मालकानं पंधराची बॅच करावी, फी हजारानं वाढवली तरी लोक देतील.

पार्किंग नाही, गाडी गल्लीत लावावी लागते. पंखा एक, तोबी माझ्या बाकापर्यंत येत नाही. पाचपैकी साडेतीन स्टार, आन् ते साडेतीनबी सरांचे.

परवा पुण्याहून मेल आला, प्लीज सेंड द रनिंग बिल बिफोर वी रन आउट ऑफ बजेट. म्हंजे बजेट संपायच्या आत बिल पाठवा, पोरीला न विचारता कळलं. बिल त्याच रात्री पाठवलं.