पीसीएम घ्यावं की डेल्टा मॉड्युलेशन?

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्तीला रंग चढलाय, हलगी कडाडतेय आणि तो आवाज डिजिटल करायचाय. पद्धत कुठली घ्याल?

पीसीएम, म्हणजे पल्स कोड मॉड्युलेशन, ठरावीक वेळाने सिग्नलचा नमुना घेतं आणि प्रत्येक नमुन्याची पूर्ण किंमत मोजतं. टेलिफोनीत सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. ॲलेक रीव्हज यांनी १९३७ मध्ये शोधलेली ही पद्धत आजही भक्कम आहे.

डेल्टा मॉड्युलेशन एवढंच विचारतं: सिग्नल अंदाजाच्या वर आहे की खाली? वर असेल तर १, खाली असेल तर ०. त्या बिटानुसार इंटिग्रेटर (बेरीज साठवत जाणारं सर्किट) अंदाज एक पायरी वर किंवा खाली सरकवतो. तुलना करणारा कंपॅरेटर, बिट धरून ठेवणारा फ्लिप-फ्लॉप, इंटिग्रेटर, बास! कॉलेजच्या लॅबमध्ये ब्रेडबोर्डवर हे जरूर जोडून बघा. ऑसिलोस्कोपवर अंदाजाचा जिना चढताना दिसला की सगळं डोक्यात बसतं.

खरी गोम पायरीच्या उंचीत आहे. हलगी कडाडली की सिग्नल उसळतो आणि जिना मागे पडतो. हाच स्लोप ओव्हरलोड. पायरी वाढवली तर शांततेत खरखर येते. हिशेब मांडू. १ व्होल्ट शिखराची, १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह सेकंदाला ६२८३ व्होल्ट इतक्या वेगाने चढू शकते. ६४ किलोबिटला, म्हणजे सेकंदाला ६४ हजार पायऱ्यांना, पायरी किमान ०.१ व्होल्टच्या आसपास हवी. तेवढ्याच बिटांत, समान पायऱ्यांचं पीसीएम ०.००८ व्होल्टपर्यंत बारीक जातं.

त्यामुळे हलगीला पीसीएमच. नुसतं बोलणं असेल, तर पायरी आपोआप बदलणारं डेल्टा मॉड्युलेशन, म्हणजे सीव्हीएसडी, १६ किलोबिटलाही समजण्याजोगं चालतं. ब्लूटूथ हेडसेटमध्येही तेच वापरलं गेलं.