तुर्भ्याचा धर्मकाटा आणि आमचं "टनभर" भंगार

सोसायटीचे जुने ग्रिल, पाइप, गेट भंगारात काढले तर भंगारवाला नुसतं बघूनच म्हणे टनभर असेल, टनाचे पैसे देतो. सेक्रेटरी काका म्हणाले थांबा, आधी काट्यावर नेऊ. मग तुर्भ्याला एपीएमसीजवळच्या धर्मकाट्यावर गेलो, भरलेला टेम्पो ३७६० किलो, माल उतरवून परत आणला तर रिकामा २४५०, म्हणजे माल १३१० किलो! टन म्हणजे १००० किलो, १० क्विंटल, आणि इथे वरचे तीन क्विंटल अंदाजात फुकटच जाणार होते, तांदळाच्या ५० किलोवाल्या सहा गोण्या धरा. (एसीचा दीड टन वेगळा बरं का, ते वजन नाही, थंड करायची ताकद आहे, आमच्या शेजाऱ्यांचा अजून गोंधळ आहे.)

काटा १० किलोच्या टप्प्यानेच आकडा दाखवतो त्यामुळे किरकोळ वजनाला उपयोग नाही. दोन्ही वेळा ड्रायव्हरला खाली उतरवला हे आवडलं, वैधमापनचा (सरकारी वजन-माप खात्याचा) यंदाचा शिक्का पण दिसला. पावतीची शाई मात्र इतकी फिकी की लगेच फोटो काढून ठेवा, आणि सकाळी भाजीच्या ट्रकांची लाइन असते, दुपारी जा. पाचपैकी चार.