आयाळीतली चमकी: मुलांचा घोडा पागेत ठेवण्याआधी हे वाचा

घरात घोड्यावर बसणारं मूल आहे आणि त्याच्यासाठी ज्यांनी स्वतःचा घोडा घेतलाय किंवा घेण्याचा विचार चाललाय, अशा आईवडिलांसाठी हे लिहितेय. रायडिंग शिकवणारे क्लब पुण्याच्या आसपास बरेच आहेत. पण आपला घोडा ठेवून घेणारी, त्याचं खाणंपिणं नीट बघणारी आणि वर मुलांशी मायेनं वागणारी पागा शोधायला निघालात की पर्याय फार थोडे उरतात. आम्हाला तर ती पंधरा दिवसांत शोधायची होती.

चांदणी आमच्याकडे आली 2022 च्या डिसेंबरात, सारंगखेड्याच्या यात्रेतून. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या या घोडेबाजारात जाणता माणूस बरोबर हवाच. माझे मामा शहाद्याकडचे, सगळी हयात जनावरांत गेलेली. त्यांनी आठ-दहा घोड्यांचे ओठ वर करून दात पाहिले आणि काही न बोलता पुढे चालत राहिले. चांदणीच्या खालच्या जबड्यातल्या मधल्या दातांवरचे खड्डे बुजले होते, कडेच्या दातांवर अजून होते. "सहा-सात वर्षांची आहे, खोटं सांगत नाही हा," मामा म्हणाले. काठेवाडी, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकणारी. कपाळावर अंगठ्याखाली झाकला जाईल एवढाच पांढरा टिपका. असा टिपका बाजारात अशुभ मानतात, म्हणून भाव उतरला. त्याच टिपक्यावरून माझ्या मुलीनं, ओवीनं, तिचं नाव चांदणी ठेवलं. ओवी तेव्हा दहा वर्षांची होती.

पहिले सहा-सात महिने चांदणी एका छोट्या जागेत होती. ती जमीन विकली गेली आणि मालकांनी आम्हाला पंधरा दिवसांची मुदत दिली. तेव्हा कुणीतरी ही दुसरी पागा सुचवली.

तिथलं वातावरण बघून आम्ही हरखून गेलो. मालक प्रत्येक मुलाला नावानं हाक मारायचे. मुलं त्यांना काका म्हणायची. पहिल्याच दिवशी त्यांनी ओवीला जुनी छोटी खोगीर बसवून दिली, रिकिबी तिच्या पायाच्या मापाला आणल्या, माझ्यासाठी खुर्ची मागवली. ओवीच्या वाढदिवसाला केक आणि चांदणीच्या गळ्यात हार. रोज सकाळी मोबाइलवर चांदणीचा फोटो यायचा. महिना 16,000 रुपये, दोन महिन्यांची अनामत 32,000. खुराक रोज तीन किलो, शिवाय सुका चारा आणि लसूणघास, दर पाच-सहा आठवड्यांनी नवे नाल, आणि ओवीशिवाय चांदणीवर कुणी बसणार नाही, असं बोलणं झालं. हे सगळं तोंडीच. हातात मिळाली ती वहीतली फाडलेली पावती, तीवर घोडीचं नावसुद्धा नव्हतं. माणूस एवढा चांगला वागतोय तर त्याच्याकडून स्टँपपेपरवर कसं लिहून घ्यायचं, या संकोचानं मी गप्प बसले. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

दिवाळीनंतर चांदणी बारीक दिसायला लागली. विचारलं तर कधी जंत झालेत, कधी हवा बदलतेय, कधी "ताई, काठेवाडी जात सडपातळच असते." मग टॉनिकचे 2,500, वेगळ्या ट्रेनिंगचे 4,000. आम्ही देत गेलो. ओवी मात्र सांगत होती की तंग, म्हणजे खोगिरीचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चांदणी कान मागे टाकते, चावायला येते, आधी असं कधी करत नव्हती. मी तिला म्हणाले, तू नीट आवळत नसशील. लेकराचं ऐकलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं, कारण घोडीची भाषा आम्हा सगळ्यांपेक्षा तिलाच जास्त कळत होती.

नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी पाऊस झाला. दिवसभर झड लागली होती, आमच्या गॅलरीत पाणी साचलं होतं आणि मोबाइलवर फोटो आला तो कोरड्या जमिनीवर उभ्या चांदणीचा, पायाखाली काळीभोर सावली. मी जुने फोटो चाळले. तोच फोटो सप्टेंबरात एकदा येऊन गेला होता. फोन केला तर म्हणाले, पोरानं चुकून जुना टाकला. मी मान्य केलं. तुळशीचं लग्न होऊन तीन-चार दिवस झाले होते आणि लग्नसराई सुरू झाली होती, हा धागा तेव्हा मला जुळला नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ओवी खरारा करत होती. आयाळीत बोटं घालून गुंता सोडवताना थांबली आणि म्हणाली, "आई, हिच्या केसांत चमकी आहे." मी जवळ गेले. केसांच्या मुळाशी सोनेरी चमकीचे चार-पाच कण, एक जरीचा तुकडा आणि झेंडूची सुकलेली पाकळी. तंगाच्या जागी कोपराच्या मागे दोन बोटं रुंद केस गेलेले, आत लालसर कातडी. मालक म्हणाले, कुणाच्या तरी फोटोशूटला उभी केली होती, पाच मिनिटांसाठी.

त्या आठवड्यात मोठी लग्नतिथ होती. त्या रात्री दहाला मी आणि माझा नवरा न सांगता गेलो. चांदणीचं थान, म्हणजे तिची बांधायची जागा, रिकामं. आणखी दोन मुलांच्या घोड्यांची थानंही रिकामी. सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, आम्हाला बघून चपापला. बराच वेळ बोलेना, मग हळूच म्हणाला, "ताई, माझं नाव येऊ देऊ नका. तुळशीच्या लग्नापासून जातेय ती." पावणेबाराला टेंपो आला. मागची फळी पडली आणि चांदणी उतरली, पाठीवर आरशांची जड खोगीर, कपाळावर तुरा, तोंडाला फेस. आमचा आवाज ऐकूनही तिनं मान वर केली नाही. नवऱ्यानं सगळं मोबाइलवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणले. विश्रांतीच्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते, चांदणीची आदल्या रात्रीपासून उभी असूनही 64 होती. तोंड उघडून त्यांनी मला दाखवलं: जिभेच्या दोन्ही कडांना चिरा. वरातीत गर्दीतून घोडी ताब्यात राहावी म्हणून काटेरी लगाम घालतात, त्याच्या या खुणा. असा काटेरी लगाम वापरायला ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनीच बंदी आहे. पुढचा पाय उचलला तर नाल चवड्याकडे कागदासारखा झिजलेला. नव्या नालांचे पैसे आम्ही तीन आठवड्यांपूर्वीच भरले होते.

मग वजन. शिंप्याची टेप घेऊन छातीचा घेर मोजायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजायची, घेराला घेरानं गुणून त्याला लांबीनं गुणायचं आणि 11,880 नं भागायचं. सगळं सेंटिमीटरमध्ये धरलं की उत्तर किलोत येतं. जुन्या जागेत मामांनी घेतलेलं माप 165 आणि 145 होतं, म्हणजे सुमारे 332 किलो. आता घेर 154, म्हणजे 289. त्रेचाळीस किलो कमी. घोड्याच्या पाठीवर खोगिरीसकट त्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतच भार असावा असं धरतात. चांदणीच्या बाबतीत तो सत्तावन्न-अठ्ठावन्न किलो होतो. नवरदेव, त्याच्या पुढ्यात बसवलेलं लहान मूल आणि ती आरशांची खोगीर यांची बेरीज तुम्हीच करा.

ज्या गोष्टीनं माझी झोप उडाली ती डॉक्टरांनी जाता जाता सांगितली. वरातीत कुठकुठले घोडे एकत्र येतात, एकाच बादलीत पाणी पितात. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो आणि घोड्याला तो निघाला तर कायद्यानं त्याला मारावंच लागतं. ओवी रोज तिच्या नाकाला नाक लावायची. रक्ताचा नमुना तपासणीसाठी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेला. उत्तर येईपर्यंत ओवीला आम्ही चांदणीजवळ जाऊ दिलं नाही आणि का ते तिला पूर्ण सांगूही शकलो नाही. अहवाल निगेटिव्ह आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

मालकांशी बोलायला गेलो तर तेच काका वेगळेच दिसले. घोडी न्यायची तर तीन महिन्यांच्या नोटिशीचे 48,000 आणि औषधांचे 19,000 भरा, मग फाटक उघडतो. नोटिशीचा शब्द आधी कधीच निघाला नव्हता. चौकीत अर्ज दिला, तिथे ही दिवाणी बाब आहे असं सांगितलं, पण अर्जाची पोच मिळाली आणि तीच पुढे उपयोगी पडली. माझी मावसबहीण वकील आहे. तिनं 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 154 काढून वाचून दाखवलं. सांभाळायला दिलेली वस्तू ठरल्यापेक्षा वेगळ्या कामाला वापरली आणि तिचं नुकसान झालं, तर वापरणाऱ्याला भरपाई द्यावी लागते. कायद्यातच दिलेली दोन्ही उदाहरणं घोड्याची आहेत. त्यातल्या एकात घोडा एकाला फक्त स्वतः बसायला दिलेला, त्यानं घरातल्या दुसऱ्याला बसवला, तो जपून चालवत होता तरी घोडा पडून जखमी झाला, आणि तरीही भरपाई द्यावी लागते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात आमचीच गोष्ट लिहिलेली होती. तिनं नोटीस पाठवली, सोबत व्हिडिओ, डॉक्टरांचा अहवाल आणि चौकीची पोच. चौथ्या दिवशी फाटक उघडलं. जास्तीचा एक रुपयाही आम्ही दिला नाही, पण 32,000 ची अनामत परत आलेली नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. अशी तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते हे लक्षात असू द्या.

आता नवी जागा शोधताना आम्ही काय केलं ते सांगते. फोन न करता गेलो, एकदा पहाटे खुराकाच्या वेळी आणि एकदा रात्री. आपला घोडा अजून तिथे नसतो, म्हणून दुसऱ्यांचे घोडे बघायचे: बरगड्या, पाठीचा कणा, तंगाची जागा, तोंडाचे कोपरे, नाल. पाण्याच्या बादलीत हात घालायचा. तळाला शेवाळ हाताला लागलं की तिथून निघायचं. मालकांपेक्षा सईसाशी जास्त बोलायचं, एकाच्या अंगावर किती घोडे आहेत ते विचारायचं, आणि घोडे त्याला बघून पुढे येतात की मागे सरतात ते पाहायचं. खुराकाच्या खोलीत कोठी उघडून हरभरा-जव हातात घ्यायचं. नालबंदाला आपण स्वतः पैसे द्यायचे, आपल्यासमोर. आणि पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचं: घोड्याचं वर्णन, खुणा, मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर, रोजचा खुराक किलोत, कोण बसणार, पागेबाहेर लेखी परवानगीशिवाय नेणार नाही, नोटीस किती दिवसांची. आताच्या जागेच्या मालकीणबाई मुलांशी फार बोलत नाहीत, केकही आणत नाहीत. मी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, धनुर्वाताच्या लसीची तारीख राहिलीय म्हणून स्वतःच्या हातानं लिहिली आणि मग सही केली.

चांदणी 320 किलोपर्यंत आली आहे. जिभेच्या चिरा भरल्या, तंगाच्या जागी केस आले, मात्र ते पांढरे आले. लांबून ढोल वाजला तरी ती थानात गोल फिरायला लागते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ओवी आणि तिचे बाबा दहापर्यंत तिच्याजवळ बसून होते.

त्या रात्री ज्या दोन घोड्यांची थानं रिकामी होती, त्यांच्या घरच्यांना आम्ही व्हिडिओ दाखवला. एकांनी आठवड्याभरात घोडा हलवला. दुसऱ्यांचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला काकांचा फार लळा आहे, आणि त्याच्या वडिलांना वाटतं की आमचा काहीतरी गैरसमज झालाय. त्यांचा लाल तट्टू अजून तिथेच आहे आणि तुळशीचं लग्न पुन्हा जवळ आलंय.