आरचा हिस्टोग्राम: ७ बिन मागितले की ६ का येतात?

मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि प्रॅक्टिकलला आर (R) हे आकडेवारीचं सॉफ्टवेअरच वापरते, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. आज फक्त त्यातल्या हिस्टोग्राम काढणाऱ्या हिस्ट (hist) फंक्शनबद्दल लिहितेय, हिस्टोग्राम म्हणजे आकड्यांचे सलग गट (बिन) पाडून प्रत्येक गटात किती आकडे पडतात ते खांबांनी दाखवणारं चित्र, कारण दरवर्षी मुलं एकाच जागी अडकतात, मॅडम ७ बिन सांगितले तर ६ च का आले?

आरमध्येच मिळणारा फेथफुल नावाचा डेटा घ्या. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये ओल्ड फेथफुल म्हणून गरम पाण्याचा फवारा आहे, तो एकदा उसळला की पुन्हा उसळेपर्यंत किती मिनिटं जातात त्याच्या २७२ नोंदी, सगळ्यात कमी ४३ आणि जास्तीत जास्त ९६. काहीच न सांगता हिस्ट चालवलं तर आर बिन किती घ्यायचे ते ठरवणारा स्टर्जेसचा १९२६ चा नियम लावतं आणि उत्तर येतं १० बिन, पण चित्रात मोजा, खांब १२ आहेत! कारण तो १० पुढे प्रेटी नावाच्या फंक्शनकडे जातो आणि ते खांबांच्या कडा ४०, ४५, ५० अशा सरळ आकड्यांवर नेऊन बसवतं. ब्रेक्सला (breaks, म्हणजे बिन सांगायचं सेटिंग) ७ द्या, ६ खांब येतात. ८ द्या, एकदम १२. स्कॉट आणि फ्रीडमन-डायाकोनिस हे दुसरे दोन नियमही इथे ८ च सांगतात, म्हणजे नियम बदलून बघितला तरी चित्र तेच. हेल्प पेजवर स्वच्छ लिहिलंय की हा आकडा फक्त सूचना आहे, पण ते पान कोणी उघडतच नाही.

आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही हो. ब्रेक्स ३ दिलं की ८३, १०५, ८४ असे तीन खांब येतात, मधे एकच उंचवटा. १२ खांबांत मात्र दोन वेगळे डोंगर दिसतात, एक ५० ते ५५ च्या आसपास आणि दुसरा ८० ला, आणि खरी गोष्ट तीच आहे.

उपाय सोपा आहे, आकडा देऊच नका, कडा द्या. ब्रेक्समध्ये सेक (seq, ठरावीक अंतराने आकडे देणारं फंक्शन) वापरून ४० ते १०० पाच-पाचच्या अंतराने लिहा, मग आर तुमचंच ऐकतं. फक्त सगळा डेटा त्यात बसला पाहिजे, ९० लाच थांबलात तर एरर येते. जीजीप्लॉट२ (ggplot2, आरमधलंच चित्रं काढायचं दुसरं पॅकेज) वापरणाऱ्यांनो, तिथे डीफॉल्ट ३० बिन आहेत आणि तसा मेसेजही येतो, बिनविड्थ (बिनची रुंदी) ५ द्या पण बाउंडरी (एक कड कुठे हवी) ४० पण द्या, नाहीतर कडा ४२.५, ४७.५ अशा येतात. माझ्याकडून हिस्टला पाचपैकी चार.

एक स्टार कापला तो राइट ह्या सेटिंगसाठी. डीफॉल्टला कडेवरचा आकडा डावीकडच्या खांबात जातो, त्यामुळे परीक्षेचे मार्क पाच-पाचच्या बिनमध्ये टाकले की ३५ वाला, म्हणजे काठावर पास झालेला मुलगा, ३० ते ३५ च्या खांबात नापासांबरोबर मोजला जातो. राइट फॉल्स केलं की तो ३५ ते ४० मध्ये येतो, आणि १०० वाला शेवटच्या खांबात नीट राहतो. निकालाचा हिस्टोग्राम काढणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी कृपया हे करा.