सायक्लोमॅटिक की कॉग्निटिव्ह: सीआयमध्ये कोणता आकडा लावायचा?

कोड वाचायला जड जातोय म्हणून सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये, गुंतागुंतीची मर्यादा घालायची ठरली, की टूलच्या यादीत तीन नावं समोर येतात: सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी आणि मेंटेनेबिलिटी इंडेक्स. वाचनीयता हाच हेतू असेल तर कॉग्निटिव्ह लावा. सायक्लोमॅटिक टेस्टच्या हिशेबासाठी ठेवा. मेंटेनेबिलिटी इंडेक्सवर बिल्ड अडवू नका.

थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली मांडलेला सायक्लोमॅटिक आकडा मुळात टेस्टिंगसाठीच आहे. फंक्शनमधून जाणारे एकमेकांपासून स्वतंत्र मार्ग किती, हे तो सांगतो. हाताने मोजायचा तर १ पासून सुरुवात करा आणि प्रत्येक इफ, लूप, केस, कॅच, && आणि || साठी (‘आणि’ व ‘किंवा’ची चिन्हं) एकेक मिळवा. उत्तर ७ आलं तर सगळ्या फांद्या तपासायला जास्तीत जास्त ७ टेस्ट लागतील. १० ही मर्यादा मॅकेब यांचीच. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या १९९६ च्या अहवालानेही तीच धरली, फक्त शिस्तीने काम करणाऱ्या टीमला १५ पर्यंत सूट दिली.

कॉग्निटिव्ह आकडा कोड तपासणारी टूल बनवणाऱ्या सोनारसोर्स कंपनीने आणला, आणि तो वाचणाऱ्याच्या बाजूने मोजतो. सरळ ओघ जिथे तुटतो तिथे १, आणि तो तुकडा जितका आत दडलेला असेल तितकी वर भर. एल्सला फक्त १, नेस्टिंगचा (एकात एक असण्याचा) दंड नाही. लवकर केलेल्या रिटर्नला काहीच नाही. एकाच प्रकारच्या && ची लांब साखळी मिळून १; मध्ये || आला की आणखी १, कारण तिथे वाचणारा थांबतो.

फरक कुठे पडतो ते या तक्त्यात दिसेल:

| कोडचा तुकडा | सायक्लोमॅटिक | कॉग्निटिव्ह |
|---|---|---|
| एकाखाली एक ३ इफ | ४ | ३ |
| एकात एक ३ इफ | ४ | ६ |
| १२ केसचा स्विच, डीफॉल्टशिवाय | १३ | १ |
| एक इफ, अट: अ && ब && क | ४ | २ |
| एक इफ, अट: अ && ब \|\| क | ४ | ३ |

पहिल्या दोन ओळी पाहिल्या की निवड जवळपास झालीच. सायक्लोमॅटिकला दोन्ही सारखेच, पण वाचणाऱ्याला नाहीत. तिसरी ओळ उलटा त्रास देते: बारा महिन्यांची नावं परत करणारा साधा, सपाट स्विच १० च्या मर्यादेत नापास होतो. मग कोणीतरी तो उगाच दोन फंक्शनमध्ये तोडतो आणि कोड आधीपेक्षा वाईट होतो. (जावास्क्रिप्ट तपासणाऱ्या ईएसलिंटच्या ‘कॉम्प्लेक्सिटी’ नियमाला ‘मॉडिफाइड’ प्रकार दिला तर अख्खा स्विच एकच धरला जातो. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात.)

मेंटेनेबिलिटी इंडेक्सचं नाव आकर्षक आहे, पण सूत्र उघडून पाहा. व्हिज्युअल स्टुडिओतल्या रूपात १७१ मधून हॅलस्टेड व्हॉल्यूमच्या (ऑपरेटर आणि ऑपरंड मोजून काढलेल्या कोडच्या आकाराच्या) नैसर्गिक लॉगची ५.२ पट, सायक्लोमॅटिकची ०.२३ पट आणि ओळींच्या लॉगची १६.२ पट वजा होते. मग उत्तर १०० च्या पट्टीवर आणतात. बाकी काही न बदलता सायक्लोमॅटिक १० वरून २० वर गेला तर इंडेक्स घसरतो जेमतेम १.३ ने. ओळी २० वरून ४० झाल्या तर ६.६ ने. म्हणजे हा बहुतांशी लांबीचाच आकडा आहे. शिवाय तिथे २० ते १०० सगळं हिरवं. इतक्या ढिल्या चाळणीतून काय अडकणार? मॅनेजरला वर्षभराचा कल दाखवायला ठीक.

आता आकडा खाली आणण्याचं काम. समजा ऑर्डरमधल्या वस्तूंवर लूप आहे. आत ‘स्टॉक आहे का’ हा इफ, त्याच्या आत ‘कॅश ऑन डिलिव्हरी && वजन ५ किलोच्या वर’ हा इफ, आणि त्याला एल्स. सायक्लोमॅटिक ५. कॉग्निटिव्ह: लूप १, पहिला इफ २, दुसरा ३, && चा १, एल्सचा १, एकूण ८.

पहिली पायरी, अट उलटवा: स्टॉक नसेल तर कंटिन्यू. कॉग्निटिव्ह ७, सायक्लोमॅटिक ५ च. दुसरी पायरी, लूपच्या आतला मजकूर ‘वस्तूचा डिलिव्हरी दर’ अशा नावाच्या फंक्शनमध्ये काढा आणि कंटिन्यूच्या जागी रिटर्न लिहा. बाहेर कॉग्निटिव्ह १ उरतो, आत ४. सायक्लोमॅटिक मात्र बाहेर २, आत ४, मिळून ६. प्रत्येक नवं फंक्शन स्वतःचा १ घेऊन येतं. फक्त सायक्लोमॅटिकच्या बेरजेकडे पाहणाऱ्या टीमला ही चांगली दुरुस्ती चुकीची वाटेल. म्हणून बेरीज पाहू नका, फंक्शनमागचा आकडा पाहा.

इथेच फसवाफसवीही होते. फंक्शन ‘प्रोसेस १’, ‘प्रोसेस २’ असं तोडलं आणि त्यांना सात पॅरामीटर व दोन बूलियन फ्लॅग दिले, तर दोन्ही आकडे सुधारतात आणि वाचणाऱ्याला तीन फाइलींत उड्या माराव्या लागतात. काढलेल्या तुकड्याला आत न डोकावता समजेल असं नाव सुचत नसेल, तर तो तुकडा काढायचा नव्हता. नावं, ग्लोबल स्टेट, लपलेले साइड इफेक्ट यातलं काहीही हे आकडे पाहत नाहीत. तो रिव्ह्यूचा भाग.

टूलची निवड करताना एक खड्डा सांभाळा: एकाच नावाचा आकडा सगळीकडे सारखा नसतो. पायथनमध्ये रेडॉन आणि लिझर्ड बूलियन ऑपरेटर मोजतात, फ्लेक८ मधला मॅकेब नियम आणि रफचा सी९०१ मोजत नाहीत. वरचं मूळ फंक्शन पायथनमध्ये लिहिलं तर रेडॉन ५ म्हणेल, रफ ४. ईएसलिंटने ९ व्या आवृत्तीपासून ऑप्शनल चेनिंगही (?. हे चिन्ह) मोजायला घेतलं, त्यामुळे कोडला हात न लावता अपग्रेडनंतर आकडे चढलेले दिसतात. टूलमध्ये आधीपासून ठरवलेल्या मर्यादाही वेगळ्या: रफ १०, लिझर्ड १५, ईएसलिंट २०. कॉग्निटिव्हसाठी सोनारमध्ये बहुतेक भाषांना १५, सी++ साठीच्या क्लँग-टायडीत २५. एका टूलची मर्यादा उचलून दुसऱ्यात टाकू नका.

जुना कोडबेस असेल तर पहिल्या दिवशी सगळीकडे १५ लावलंत की शेकडो इशारे येतील आणि आठवड्याभरात कोणीतरी नियमच बंद करेल. त्याऐवजी नव्या आणि बदललेल्या फंक्शनपुरता नियम लावा. जुन्यात कुठे हात घालायचा, हे गिटच्या इतिहासातून ठरवा: गेल्या सहा महिन्यांत वारंवार बदललेल्या फाइलींपैकी ज्यांचा कॉग्निटिव्ह आकडा सर्वांत मोठा, त्या आधी. ६० आकड्याचं पण तीन वर्षांत कोणी न उघडलेलं फंक्शन तसंच राहू द्या. हात घालण्यापूर्वी मात्र त्या फंक्शनचा सायक्लोमॅटिक आकडा काढा आणि तेवढ्या टेस्ट हाताशी आहेत का ते बघा. नसतील तर आधी टेस्ट लिहा, कारण अट उलटवताना && चा || करायला विसरणं ही या कामातली नेहमीची चूक आहे.

पार्सर, स्टेट मशीन, प्रोटोकॉल हाताळणी अशा ठिकाणी मर्यादा ओलांडणं रास्त असू शकतं. तिथे नियम त्या फंक्शनपुरताच गप्प करा, फाइलभर नाही, आणि कारण शेजारच्या कॉमेंटमध्ये लिहा.