डिपस्टिकमधून ऑइल ओढणारा हातपंप: ओढतो उत्तम, ओततो वाईट

हा पंप घेण्यामागे गाडीच्या प्रेमापेक्षा सोसायटीच्या नोटिशीचा वाटा अधिक होता. घरी येऊन सर्व्हिसिंग करून देणाऱ्या एका सेवेच्या मेकॅनिकने आमच्या पार्किंगमध्ये इंजिनाखालचा गार्ड न काढताच त्यातल्या भोकातून ड्रेन बोल्ट, म्हणजे जुने ऑइल काढण्यासाठी इंजिनाच्या तळाला असलेला बोल्ट, सोडला आणि ट्रे अगदी बोल्टच्या खाली धरला. बोल्ट सुटताच ऑइलची पहिली धार जोरात तिरकी बाहेर पडते आणि इंजिन रिकामे होऊ लागले की तीच धार मागे सरकत सरळ खाली येते. त्यामुळे ट्रे धारेबरोबर सरकवावा लागतो. तो सरकवला गेला नाही. शिवाय गार्डवर साचलेले ऑइल मेकॅनिक निघून गेल्यावरही कित्येक दिवस थेंबाथेंबाने खाली गळत राहिले. डिझेल इंजिनाचे ऑइल असल्याने पेव्हर ब्लॉकवर परातीएवढा काळा डाग पडला, सेवा पुरवणाऱ्यांनी हात वर केले आणि साफसफाईचे पाचशे रुपये माझ्या मेंटेनन्सच्या बिलात लागून आले.

माझी गाडी फियाट पुंटो, १.३ मल्टिजेट. हे इंजिन आपल्या रांजणगावचेच, पण आता फियाटच्या नव्या गाड्या इथे मिळत नाहीत आणि मनासारखे सर्व्हिस सेंटरही उरलेले नाही, त्यामुळे ऑइल घरी बदलणे मला भाग होते. या इंजिनाचा ऑइल फिल्टर वरून, बॉनेट उघडून काढता येतो. म्हणजे जुने ऑइलही वरूनच निघाले, तर गाडीखाली शिरण्याचे कारणच उरत नाही. या एका विचाराने सुमारे साडेचार हजार रुपये खर्च करून मी सहा लिटरची टाकी असलेला हातपंप ऑनलाइन मागवला.

पंपाची रचना बहुतेकांना ठाऊक असेल. दांडा वर-खाली केला की टाकीतली हवा कमी होते आणि डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) नळीतून तळापर्यंत सोडलेल्या बारीक नळीवाटे ऑइल टाकीत येते. पहिल्या वेळी मी गाडी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणली आणि थोडा वेळ थांबून नळी आत घातली. तळाला टेकल्याचा ठोका हाताला कळतो. तिथून नळी किंचित वर घेतली नाही, तर तिचे टोक पत्र्याला चिकटते आणि ओढ बंद होते. दांडा काही वेळा मारल्यावर अर्धपारदर्शक नळीतून काळी रेघ वर चढू लागली आणि त्यानंतर पंपाला हात लावावा लागला नाही. शेवटी स्ट्रॉने सरबताचा तळ ओढताना येतो तसा आवाज आला, तेव्हा टाकीवरच्या खुणेनुसार तीन लिटरच्या जवळपास ऑइल जमा झालेले होते. जमिनीवर एक थेंबही नव्हता.

ऑइल गरम असण्याला येथे फार महत्त्व आहे. ५डब्ल्यू-४० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला जेवढा असतो, तो १०० अंशांना साधारण सहाव्या भागावर येतो. मात्र उकळत्या ऑइलने नळी मऊ पडते, म्हणून हात लावल्यावर डिपस्टिक सहन होईल इतके गरम असणे पुरेसे आहे. पंपाबरोबर दोन जाडीच्या नळ्या येतात. त्यांपैकी जी जाड नळी डिपस्टिकच्या नळीत जाईल तीच वापरावी, कारण दाट द्रवाचा प्रवाह नळीच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. चार मिलिमीटरऐवजी सहा मिलिमीटरच्या नळीतून तेवढ्याच ओढीने पाचपट ऑइल येते. बारीक नळीने काम होते, पण तेवढ्या वेळात घरातली दुसरी दोन कामे उरकतात.

आता तक्रारीकडे वळतो, कारण हा मजकूर लिहिण्याचे खरे कारण तीच आहे. ऑइल टाकीत आले, पण टाकी रिकामी कशी करायची, याचा विचार या पंपाच्या निर्मात्याने केलेला दिसत नाही. पंपाचा दांडा फिरवून काढला की टाकीच्या बरोबर मधोमध एक गोल तोंड उरते. त्याला ओठ नाही, हवा आत जायला दुसरे छिद्र नाही, आणि ते मधोमध असल्याने कॅन ओतताना आपण तोंड वरच्या कडेला ठेवतो तसेही करता येत नाही. टाकी कलती केली की आधी काहीच येत नाही, मग हवेचा बुडबुडा आत जातो आणि ऑइल गचके देत एकदम बाहेर येते. त्यातले निम्मे नरसाळ्यात पडते आणि उरलेले टाकीच्या अंगावरून ओघळत मनगटापर्यंत पोहोचते. सांडलवंड टाळण्यासाठी घेतलेल्या वस्तूने स्वतःच्या तोंडातून सांडावे, हे मला अजूनही पटत नाही. साडेचार हजारांत वीस रुपयांची चोच बसवता आली नसती का?

विक्रेत्याला मी फोटोंसह सविस्तर लिहिले. उत्तरादाखल त्यांनी तसेच दुसरे झाकण पाठवले. पुन्हा लिहिल्यावर ‘हा उत्पादनातील दोष नाही’ असे कळवून तक्रार बंद करण्यात आली. त्या वेळी मी या पंपाला दोन तारे दिले होते.

पुढे दोन गोष्टींमुळे माझे मत बदलले. पहिली म्हणजे, वरून ओढल्यावर गाळ आणि बरेचसे ऑइल खालीच राहते, हे गॅरेजवाल्यांचे ठाम म्हणणे मला तपासून पाहायचे होते. म्हणून एकदा पंपाने ऑइल ओढून झाल्यावर, नवे भरण्याआधी, ओळखीच्या गॅरेजवाल्याला घरी बोलावून गार्ड काढायला लावला आणि ड्रेन बोल्ट सोडून घेतला. जेमतेम अर्धा कप ऑइल आले आणि त्यात गाळ म्हणावा असे काही नव्हते. सर्वच इंजिनांत असे होईल असे मी म्हणत नाही, पण माझ्या गाडीपुरता तो वाद मिटला. तरीही एक आड एक वेळी गाडी खालून पाहून घेतो, कारण बोल्टभोवती पाझर आहे का, हे वरून कधीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट रॉकेलच्या पंपाची. रेशनच्या रॉकेलच्या काळात डब्यातून स्टोव्हमध्ये रॉकेल काढायला घरोघरी जो दाबायचा प्लॅस्टिकचा पंप असे, तो भांड्यांच्या दुकानांत अजून मिळतो. ऑइलची टाकी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आणि रिकामा कॅन खाली ठेवून हा पंप मध्ये लावला आणि दोन-चार वेळा दाबला की ऑइल आपोआप खाली उतरू लागते. ऑइल कोमट असतानाच हे करावे, थंड झाले तर ते रेंगाळते. किंमत साठ रुपये. ज्या कामासाठी विक्रेत्याशी महिनाभर पत्रव्यवहार केला, ते साठ रुपयांत झाले याचा आनंद झाला, आणि संतापही.

सांडण्याच्या इतर दोन जागा सांगतो. काम झाल्यावर डिपस्टिकमधून नळी बाहेर काढताना तिच्या टोकाचे थेंब इंजिनाच्या बेल्टवर पडतात. टाकीत ओढ शिल्लक असतानाच नळी हळूहळू वर घ्यावी, म्हणजे ती आतून रिकामी होते, आणि बाहेरून जुन्या बनियनच्या फडक्यात धरून पुसत यावे. फिल्टरचे झाकण एकदम काढू नये. दोन आटे सैल करून पाच-दहा मिनिटे थांबले की आतले ऑइल बहुतांशी इंजिनात परत उतरते, म्हणून हे काम पंप लावण्याआधी करावे. मग फिल्टर वर घेताना त्याखाली दुधाची रिकामी पिशवी धरली की पुरते.

वर्षभराने पंपाची ओढ कमी झाली. दांड्याच्या तळाचा रबरी ओ-रिंग (हवा अडवणारे गोल वळे) सुकून चिरला होता. विक्रेत्याकडे सुटा भाग मिळत नाही, अख्खा दांडा घ्यावा लागतो आणि त्याची किंमत नव्या पंपाच्या एक तृतीयांश आहे. नाना पेठेत त्याच मापाचा ओ-रिंग पंधरा रुपयांना मिळाला. बसवताना ऑइलचे बोट फिरवले आणि ओढ पूर्ववत झाली. दर वापराआधी एवढे केले, तर तो लवकर सुकणार नाही असे वाटते.

कॅनमध्ये साठलेल्या काळ्या ऑइलला मागणी बरीच असते. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावायला किंवा सेंट्रिंगच्या प्लेटांना चोपडायला लोक ते मागतात. मी देत नाही, कारण पहिल्याच पावसात ते मातीत आणि गटारात उतरते. वापरलेले ऑइल घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येते आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ऑइल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. माझा कॅन भरला की मी तो वर सांगितलेल्या गॅरेजमध्ये नेतो, जिथून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांची गाडी पिंपे उचलते.

सध्या चार तारे देतो. पाचवा त्या तोंडासाठी राखून ठेवला आहे. विकत घेण्याआधी मात्र आपल्या गाडीचे पाहून घ्यावे. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, ऑइलची पातळी फक्त सेन्सरवर कळते. काहींत तिची नळी अशी वळलेली असते की पंपाची नळी तळाला पोहोचतच नाही. माझ्या भावाच्या पेट्रोल गाडीत ती मध्येच अडली आणि शेवटी ड्रेन बोल्टच सोडावा लागला. शिवाय ज्या गाडीचा फिल्टर खालूनच काढावा लागतो, तिच्या मालकाला गाडीखाली शिरणे चुकत नाही. त्याने हे साडेचार हजार न घालवता रुंद ट्रे आणि उचललेली गाडी तोलून धरणारे चांगल्या प्रतीचे जॅकस्टँड घ्यावेत.